शेंदूर लागलेली मशीन

एकोणऐंशी साली आमच्या ह्यांनी सायकल विकली आणि लेथ आणला. लेथ म्हणजे लोखंड कातायची मशीन. वरठीकडची एक राइस मिल बंद पडली होती, तिथे ती गंजत पडली होती. हे ती बैलबंडीत घालून भंडाऱ्याला घेऊन आले आणि थेट पडवीत मांडली. पडवीतली माझी शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेली, आणि गावातल्या बायांच्या ब्लाउजांना फोडणीचा वास येऊ लागला.

नवरा कचेरीत कारकून. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी बोट ठेचायचा. अशा माणसाला लेथ कशाला? मी विचारलं, सासूबाईंनी विचारलं, शेजारची जनाबाई तर रोज विचारायची, "टिकाराम, का बनवशील रे याच्यावर?"

"आधी चालू तं होऊ द्या," हे हसून म्हणायचे.

चालू व्हायला सगळंच कमी होतं. दांडा ज्यांत फिरतो ते पितळेचे बुश झिजले होते, ते आमचा पाण्याचा फुटका पितळी गुंड भट्टीवर देऊन ओतून आणले. मशीन फिरवायचा पट्टा मिलच्याच जुन्या पट्ट्यातून कापला. पण खरं दुखणं बेडमध्ये होतं. ज्या लोखंडी पट्ट्यांवरून हत्यार मागेपुढे सरकतं, त्याला बेड म्हणतात. वर्षानुवर्षं एकाच जागी काम होऊन तो तिथे खोल गेला होता, वाटून वाटून पाटा झिजतो तसा. कारखान्यात पाठवून सपाट करून घ्यायची आमची ऐपत नव्हती. मग ह्यांनी एका बंद फोटो स्टुडिओतली जाड काच मागून आणली, जुनी कानस घासून खरवडणी केली आणि बसले. काचेला तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावायचा आणि काच बेडवर फिरवायची. लोखंड जिथे उंच, तिथे लाल डाग उठतो. तेवढा डाग खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा काच, पुन्हा खर्र खर्र.

"जे डोळ्याले दिसत नाही त्याच्यासाठी काहून जीव टाकून राहिले?" मी म्हणायचे.

"आपल्याले दिसत नाही, पन काचेले समजते," हे म्हणायचे.

पावसाळा सरला तरी खर्र खर्र चालूच. माझं डोकं फिरलं. एकदा जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिवाळीले मले पडवी मोकळी पाह्यजे. बाबूलाल भंगारवाल्याले मी बोलावून ठेवलं."

हे खाली मान घालून जेवत राहिले. सासूबाई, रंभाबाई त्यांचं नाव, ताटावरून उठल्या आणि हात धुवायला गेल्या.

पुढच्या शनिवारी मी बाजारातून आले तर पडवीत उदबत्तीचा वास. सासूबाईंनी शेंदराची अख्खी वाटी मशीनच्या तोंडाला आणि बेडलाही थापली होती. वर जास्वंदीचं फूल, पुढे दिवा. जनाबाई हात जोडून उभी.

"सपनात मारुती आला माह्या," सासूबाई म्हणाल्या. "म्हने, मी इथंच आहो. आता याले घराभाहेर काढाचं नाही."

म्हातारीचं डोकं गेलं, असंच मला वाटलं. पण शेंदूर लागल्यावर तो देव, त्याला भंगारात घालणार कोण? बाबूलाल आला, त्याने चपला काढल्या, पाया पडला आणि रिकामी हातगाडी ढकलत निघून गेला. मी नुसती दातओठ खात राहिले.

ह्यांचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. मारुतीला हात जोडल्याशिवाय कचेरीत न जाणारा माणूस, तो देवाला खरवडणार कसा? खरवडणी फळीवर गेली. आता कचेरीतून आले की पाय धुवायचे, पडवीत जरा उभे राहायचे आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. बाया नारळ घेऊन यायच्या, त्यांना सरकून जागा द्यायचे.

मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि तीच मला खाऊ लागली. आधी जेवताना हे सांगायचे, आज लाल डाग कुठे उठला, किती खरवडला, काच कशी बसली. मी कानाआड करायचे. आता फक्त "वाढ" आणि "पुरे." लग्नानंतर हा माणूस माझ्याशी सगळ्यात जास्त बोलला तो त्या चार महिन्यांत, हे मला तेव्हा उमगलं.

एका दुपारी सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी जाऊन समोर बसले.

"आत्याबाई, तुमच्या मारुतीले दुसरीकडं बसवा. ह्यांच्याकडं पाहवत नाही."

"भंगारात देशील?"

"नाही देत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले सपन-बिपन काही पडलं नोहोतं."

"शेंदूर लावल्याबिगर तू आयकली नसती. पन पोरगाच हात आखडून बसन, हे माह्या ध्यानात नाही आलं."

मला राग आला. देवाच्या नावानं घरातल्या घरात फसवणूक! "मंग मले सरळ सांगाचं ना!"

"का सांगू?" त्या तांदळातून बोटं फिरवत राहिल्या. "तुहा सासरा दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवे. सांजच्याले इथंच वाजवत बसे. मले ते रोजचं सहन नाही झालं. तो वावरात गेला अन् मी ढोलकी चुलीत घातली. भांडला असता तं बरं झालं असतं, पन काहीच नाही बोलला. मंग मरेपर्यंत वावरात गेला, जेवला, झोपला. मरेपर्यंत मी एकटीच बोलली या घरात."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी त्यांच्या पुढचं सूप बाजूला केलं, आणि दोघी उठलो. फडक्याला तेल लावून शेंदूर पुसायला घेतला. सासूबाई पुटपुटत होत्या, "मारुतीराया, माह्यावर रागव, पोरावर नको रागवू." निघालेला शेंदूर पळसाच्या पानात बांधून त्यांनी स्वतः वैनगंगेत सोडला. जनाबाईला सांगितलं, देवानं शेंदराची खोळ टाकली. तिला पटलं की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी हे आले आणि उघडं लोखंड पाहून दारातच थांबले.

"माय, देव?"

"गेला," सासूबाई म्हणाल्या. "त्याले इथं अडचन होत होती."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी पुढे केली. तेलात शेंदूर मीच कालवला होता.

"पाहा बरं, बराबर झाला का?"

ह्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "तेल जास्त झालं," म्हणाले. मग तेल जास्त झालं की डाग कसा पसरतो, खोटी जागाही उंच कशी दिसते आणि माणूस नको तिथे कसा खरवडत बसतो, ते सांगू लागले. चुलीवरचा भात करपायला लागला होता. आम्ही दोघींनी त्यांना थांबवलं नाही.