रिकाम्या आकाशाचा तुकडा

सांदुगाशने लॅपटॉप मिटला आणि बौरसाकची, तळलेल्या गोळापावांची, थाळी सरळ त्याच्यावर ठेवली. टेबलावर बाकी जागा भरपूर होती.

"तीन हिवाळ्यांच्या अभ्यासाचा चौरंग केलास होय गं?" पीठ मळता मळता कुल्याश-आपायने विचारलं. वेधशाळेचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं, आणि तिथे बसणाऱ्यांची सुखदुःखंही.

"दुसऱ्या कशाच्या लायकीचा नाही तो."

दुपारी गाडी खाली अल्माटीला जाणार होती. त्याच गाडीने जाऊन सांदुगाश संस्थेत सांगणार होती, की मी विषय सोडते. एका सर्पिल दीर्घिकेच्या पार बाहेरच्या भागात, वायू इतका विरळ की तारे जन्मूच नयेत अशा जागी, तारे जन्मताहेत असं तिला वाटत होतं. पण फोटोतून आकाशाचा स्वतःचा मंद उजेड वजा केला, की कडेची ती फिकट निळसर झाकही नाहीशी व्हायची. प्रत्येक वेळी. 'इथे तारे संपतात' ही रेघ तिच्या गुरूंनी, केंजेबेक-आगायनी, तरुणपणी आखली होती. ती मोडायची वेळ आली नाही याचं तिला थोडं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच चीड येत होती.

बुटांवरचा बर्फ झटकत आगाय आत आले. कुल्याशने त्यांच्या पेल्यात तळाशी दोन घोट चहा ओतला.

"कुल्याश, म्हाताऱ्याला आज तरी पेला भर की."

"भरला की उठून जाल. मग मी भांडू कोणाशी?"

मानाच्या माणसाला चहा घोटभरच द्यायचा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागत बसून राहतो. काठोकाठ भरलेला पेला समोर आला की समजायचं, आता निघा.

"आगाय, तिथे काही नाही," सांदुगाश म्हणाली. "तुमची रेघ बरोबर आहे."

आगायनी बौरसाक चहात बुडवला. "वजा कुठलं आकाश केलंस?"

"दीर्घिकेच्या शेजारचं. सगळे तिथलंच घेतात. तुम्हीच शिकवलंत."

"ते रिकामं आहे हे कोणी सांगितलं?"

तिची नजर थाळीखालच्या लॅपटॉपकडे गेली.

"पारड्याला आधीच लोणी चिकटलेलं असताना काटा शून्यावर लावलास, तर ते लोणी मोजलं कधी जाणार?"

"बाजारात नेमकं उलटं करतात," कुल्याश म्हणाली. "चिकटलेलंही गिऱ्हाइकाच्या माथी."

"मग कुठलं आकाश घेऊ?"

"रोज माझ्या नावाने बोटं मोडत घेतेस ते."

सांदुगाश कानापर्यंत लाल झाली. दुर्बीण दीर्घिकेपासून लांब वळवून एका ओसाड तुकड्याचे फोटो घ्यायचे, हा आगायचा रोजचा हट्ट होता. चांगलं निरभ्र आकाश फुकट जातं म्हणून तिने पहाडावरच्या एकूण एक माणसापाशी कुरकुर केली होती. ती आगायपर्यंत पोचली नसेल, असं मात्र तिने धरून चाललं होतं.

तिने थाळी बाजूला केली, लॅपटॉप उघडला आणि या वेळी त्या ओसाड तुकड्याचं आकाश वजा करायला घेतलं. गणित चालू झालं तेव्हा कुल्याश लाटायला लागली होती, आणि दुसरा घाणा तळून निघाला तरी ते संपेना. शेवटी चित्र उमटलं. आगायच्या रेघेपलीकडे, जिथलं आकाश ती रिकामं समजून वजा करत आली होती तिथेच, फिकट निळे ठिपके पुंजक्यापुंजक्यांनी वळत दूरवर गेले होते. सगळे तरुण तारे. इतके दिवस ती ताऱ्यांनीच तारे पुसत होती.

तिचे डोळे भरून आले. ज्या हट्टाला ती शिव्या देत होती त्यानेच तिला तारलं होतं, आणि त्या माणसाचे उपकार कसे मानावेत हे तिला सुचेना.

"आगाय, हे तर तुमच्या रेघेच्या..."

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत अजून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. माहीत तुला झालं."

"मग आधीच सांगायचं ना!"

"माझ्या शब्दावर मानलं असतंस. रेघ तशीच मानलीस की."

आगायनी पडद्यावर आपल्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू बाहेर नेलं, शेवटच्या ठिपक्यापर्यंत. मग त्यांनी कुल्याशच्या बाजूची किटली उचलली आणि सांदुगाशच्या पेल्यात चहा ओतायला सुरुवात केली. पेला अर्धा झाला. ती त्यांचा हात थांबायची वाट बघत होती. चहा काठाला टेकला तेव्हाच तो थांबला.

कुल्याश लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली.

"गरम आहे," आगाय म्हणाले. "सावकाश पी. गाडीला अजून वेळ आहे. खाली जाऊन आता हे दाखव."

सांदुगाशने पेला दोन्ही हातांनी उचलला, आणि एक थेंबही सांडू दिला नाही.