बाजूला बांधलेली

"पोट दिसेपर्यंत बोलायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही."

आई हे विहिरीच्या काठावर म्हणाली होती, दोर ओढता ओढता, थोरल्या लेकीला. धाकटी तेव्हा पायरीवर बसून रिकाम्या घागरीत तोंड घालून ओरडत होती आणि आपलाच आवाज परत येतो म्हणून हसत होती. आईचं बोलणं तिच्यासाठी नव्हतंच. पण बांधावर सांडलेलं बी कुणी न पेरता उगवतं, तसं ते तिच्यात उगवलं. पुढे आई गेली, विहीर बुजली, आवाज तेवढा राहिला.

ती धाकटी म्हणजे आमच्या शेजारची सून. तिच्या गोठ्याची आणि माझ्या परसाची भिंत एकच, तीही कमरेइतकी. त्यामुळे इथे सांगते त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि जे तिच्या मनातलं आहे ते तिनं मागाहून याच भिंतीला टेकून सांगितलेलं.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं आणि पडत नव्हतं. वारा मेलेला. माती अशी तापलेली की अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं, आणि वरून ते ढग ओल्या घोंगडीसारखे डोक्यावर. गाई माश्यांनी हैराण होऊन शेपट्या आपटत होत्या. आणि सून एक काम धड करत नव्हती. शेणाची पाटी उचलायची, अर्ध्या वाटेत ठेवायची. गव्हाणीत चारा टाकायची, पुन्हा हातानं उपसून बघायची. पाण्याची बादली नेली ती अशी हिंदकळत, की गाईपुढे ठेवली तेव्हा तळाशी ओंजळभरच उरलं होतं. गाईनं बादलीत तोंड घातलं आणि वर काढून तिच्याकडे पाहत राहिली.

सासू पडवीत शेंगा सोलत बसली होती. तिची नजर शेंगांवर कमी आणि सुनेवर जास्त.

"पायाला मुंग्या डसल्यात का आज?"

"उकडतंय, आई."

"उकडतंय ते आम्हालाही उकडतंय. आम्ही नाही नाचत."

खरं कारण उकाडा नव्हता. आज सुईवाला येणार होता.

तोंडावर त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, पाठीमागे सुईवाला. डेअरीला दूध एकाच लयीत हवं असतं, म्हणून गाई एकदम व्यायला हव्यात, म्हणून त्या एकदम माजावर यायला हव्यात. ते काम त्याच्या सुईचं. आज सुई दिली की चार-दोन दिवसांत सगळा गोठा एका सुरात हंबरू लागतो. सासू म्हणायची, "पूर्वी गाईला वाटेल तेव्हा गाय हंबरायची, आता डेअरीला वाटेल तेव्हा हंबरते." म्हणायची आणि हसायची, कारण त्याच सुईच्या दुधावर गोठ्याला पत्रा चढला होता. मीही सुईला उगाच नावं ठेवत नाही. पण औषध मोठं लबाड. पाण्यासारखं दिसतं, रंग नाही, वास नाही. मला दमा. माझ्याकडे गाई होत्या तेव्हा एकदा पिचकारी उडून मनगटावर ते थोडं सांडलं, मी पुसलं, आणि घटकाभरात छाती अशी आवळली की दारातल्या दारात बसले. तेव्हापासून सुईवाला आला की मला भिंतीपलीकडेच उभं राहायला सांगतो. आणि गाई मी विकल्याच.

रिकाम्या शिश्या मात्र सासू टाकू देत नाही. जाड काच, रबराचं बूच, कोण टाकेल. मोरीपाशी घासून धुते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं मांडते. कुठल्या शिशीत मिरचीचं बी, कुठल्या शिशीत कानात घालायचं तेल. मोरीचं पाणी उतारानं तळ्यात जातं. त्या तळ्याकाठी पूर्वी बेडकांच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता तिथं कानाला दडे बसल्यासारखी शांतता असते. औषधानं की उन्हानं, हे सांगणारी मी कोण. पण धुणं धुताना त्या शांततेकडे आम्ही बाया बघतो आणि बोलत काहीच नाही.

गाईला आतून तपासावं लागतं, त्यामुळे सुईवाल्याचा एक हात खांद्यापर्यंतच्या प्लास्टिकच्या मोज्यात, शेणानं माखलेला. म्हणून शिशी धरायची, पिचकारी भरायची, त्याच्या चांगल्या हातात द्यायची, हे काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. आमच्या गल्लीत ते काम सुनेचं. तिची बोटं बारीक आणि स्थिर, आणि गाई तिच्याच आवाजाला थांबतात. काम करताना ती हळू गुणगुणते, तिचं तिनंच जुळवलेलं:

उभी रहा गं बाई, उभी रहा गं माई,
हललीस तर टोचेल, नाहीतर काही नाही.

गेल्या वर्षी अशाच एका फेरीत बूच नीट बसलं नव्हतं आणि औषध तिच्या बोटांवरून कोपरापर्यंत ओघळलं. तिनं कमरेच्या फडक्याला हात पुसला आणि पुढची पिचकारी भरली. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनं आनंदात नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्यानं त्याहून आनंदात गल्लीला. माळ्यावरचा पाळणा खाली आला, पुसून झाला, दोऱ्या नव्या झाल्या. आणि त्याच आठवड्यात तिच्या अंगावरून गेलं. त्याच आठवड्यात तांबडी गायही गाभडली, कारण ती गाभण असल्याचं तपासताना सुटलं होतं आणि तिलाही सुई बसली होती. गाईसाठी नवरा सुईवाल्याशी भांडला, पार डेअरीपर्यंत गेला. सुनेसाठी भांडायचं कुणाशी? सासू पाळणा परत माळ्यावर चढवताना एवढंच म्हणाली, "तोंडाला कुलूप नव्हतं घरात. सांगितलं की जातं."

वाईट बाई नाही ती. पण ते वाक्य सुनेच्या कानात आईच्या आवाजाला जाऊन मिळालं. दोन आवाज एक झाले की त्यांच्यापुढे माणसाचं काही चालत नाही. तिनं मानलं, आपणच बोललो आणि घालवलं.

मग गेल्या फेरीला एक गोष्ट झाली. सुईवाल्याला वरून हुकूम आला असावा, काही विचारायचं म्हणून. गाडी फाटकात लावता लावता, पेटी सोडता सोडता तो सासूला म्हणाला, "मावशी, फोन नंबर तोच ना, घरात कुणी पोटुशी नाही ना, दम्याचं कुणी नाही ना." एका दमात, पाढा म्हटल्यासारखं. सासू म्हणाली, नाही नाही, दमेकरीण भिंतीपलीकडे आहे. सगळे हसले, मीही हसले. सून हसली नाही.

तिला वाटलं, हे आधी का नाही विचारलं? आणि आता विचारतात ते कशासाठी? त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना ढुशा देत होत्या. सांगितल्यामुळे गेलं, ही एक. बोटांवरून ओघळल्यामुळे गेलं, ही दुसरी. कुठली खरी, हे विचारायला कुणी नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं.

आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

म्हणून ती सकाळची अशी वणवणत होती. एकदा भिंतीपाशी आली, भिंतीचा पोपडा नखानं काढत म्हणाली, "काकू, आज तुम्ही याल का आत? नुसत्या शिश्या धरायच्या."

मी म्हटलं, अगं मला चालतं का ते?

"हो की. विसरलेच."

ती विसरली नव्हती. बरं नाही का, असं मी विचारलं तर म्हणाली बरं आहे, आणि पोपडा काढत राहिली. तिनं मग नवऱ्याला सांगून पाहिलं की बोटाला चीर पडली आहे. त्यानं बोट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "एवढी चीर तर माझ्या टाचेला आहे, तरी मी नांगर धरतो." तो थट्टेखोर माणूस, बायकोवर जीव आहे त्याचा. पण आज थट्टेतून तिला वाट सापडत नव्हती.

गाडीचा आवाज आला. गाई कान टवकारून मागं सरल्या. फाटकात गाडी लागली आणि पुन्हा तोच पाढा, फोन नंबर तोच ना, घरात कुणी पोटुशी नाही ना. सासूनं प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "नाही रे बाबा, कुणी नाही. चल, पावसाच्या आत आटप." सून दोन पावलांवर दाव्याची गाठ सोडत उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. गाठ सुटेना, मग सुटली.

आधी तपासणी. तांबडीच्या अनुभवानंतर सुईवाला हे काम मन लावून करतो. लांब मोजा चढवून एकेका गाईत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि डोळे मिटून चाचपायचं. सून गाईच्या तोंडाशी उभी राहून कपाळ खाजवत होती, गुणगुणत होती, पण आज तिचा सूर एका जागी ठरत नव्हता. काळी रिकामी निघाली. तिच्या शेजारची रिकामी. मग मोडक्या शिंगाची. ही वर्षभर नुसती खात होती, तिला बाजार दाखवायचा असं घरात ठरतच आलं होतं.

सुईवाला थांबला. डोळे मिटलेलेच. "थांबा, थांबा," म्हणाला, "हलू देऊ नका हिला."

सगळे थांबले. माश्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या.

"दादा, ही भरलेली आहे."

नवऱ्याला पटेना. रेतन करायला डेअरीचा माणूस आला नाही, सुई नाही, काही नाही, मग कशी काय? तेव्हा सासूला आठवलं की मध्ये एकदा ही दावं तोडून दिवसभर तळ्याकडे गेली होती, आणि तिकडे तो मोकाट वळू असतो. "म्हणजे हिनं परस्पर उरकलं की," नवरा म्हणाला, "कुणाला न विचारता." भिंतीपलीकडून मला हसू आवरेना. सुईवालाही हसला, पण लगेच गंभीर झाला. बजावून म्हणाला, हिला चुकूनही सुई लागू द्यायची नाही, लागली तर गाभ पडेल, पाप माझ्या माथी नको, आत्ताच्या आत्ता हिला लांब नेऊन बांधा.

सासू शेंगा टाकून उठली. गुडघे धरून पडवी उतरली, कोंड्याची पाटी घेऊन त्या मोडक्या शिंगाच्या गाईपुढे उभी राहिली. आयुष्यभर जिला ऐदी म्हटलं तिच्या मानेवरून हात फिरवू लागली. आणि जो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाली, "बाई माझी. सांगायचं नाही का गं आधी? मी तुला बाजाराला काढणार होते."

सुनेनं दावं हातात घेतलं. गाईला चालवत आवाराच्या टोकाला झाडाखाली नेलं, बांधलं. गाठ मारून झाली तरी ती तिथंच राहिली. गाय कोंडा खात होती, सावली जाड होती, इथवर ना सुई येणार होती ना शिशी. सासू पाण्याची बादली भरून स्वतः तिकडे येत होती, काठोकाठ, एक थेंब न सांडता.

"चला वहिनी," सुईवाल्यानं हाक मारली. पेटी उघडली होती. चांगल्या हातात शिशी धरून त्यानं ती पुढे केली होती. "आभाळ फुटायच्या आत उरकू."

ती हलली नाही.

नवरा म्हणाला, ये ना गं, गाय काही पळून जात नाही. ती पेटीपर्यंत आली. शिशी हातभर अंतरावर होती. काचेतलं औषध स्वच्छ, पाण्यासारखं. तिचा हात पुढे झाला. मी भिंत धरून पाहत होते, आणि मला शिशी दिसत नव्हती, फक्त तिची बोटं दिसत होती, ती बारीक, स्थिर बोटं. मग हात मागे गेला. दोन्ही हात पाठीमागे गेले, आणि ती उलट्या पावली चालत झाडापर्यंत गेली, गाईच्या पोटाला पाठ टेकेपर्यंत.

"डॉक्टर, मघाशी तुम्ही फाटकात विचारलंत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वारा नव्हता म्हणून सगळीकडे गेला. "घरात कुणी पोटुशी आहे का. ते तुम्ही आईंना विचारलंत. गाईला हात घालून बघता, मला विचारतसुद्धा नाही."

नवऱ्याच्या हातातून काळीचं शेपूट सुटलं. सुईवाल्यानं पुढे केलेला हात हळूहळू खाली घेतला, शिशी पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

"आहे. मी आहे. मी शिशी धरणार नाही."

सासू बादली घेऊन मध्येच उभी होती. बादली खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. सून तिच्याकडे वळली.

"आणि गेल्या वर्षीचंही सांगते. तेव्हा हेच औषध माझ्या हातावर सांडलं होतं, कोपरापर्यंत. मी पुसलं आणि गप्प बसले. ते मी बोलले म्हणून गेलं नव्हतं, आई."