गोजरबाईनं सारवलेला हॉल

माह्या तोंडाले लगाम नाही हे सारं देऊळघाट जानते, म्हनून सरळच सांगते. आमच्या शिवनवर्गाचा हॉल ना पाटलानं देल्ला, ना सरकारनं. तो गोजरबाईच्या शेनानं देल्ला. हसा, हसून घ्या. मंग आयका.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्सं झाले होते. बुलढाण्यात विजेचे दिवे लागले होते, आमच्याकडं खांब बी नव्हता. मी नागपुरातून शिवनकाम शिकून आली होती आन् बुद्धवाड्यात माह्या ओसरीवर बायांचा वर्ग घेत होती. दोन मशिना आन् मूठभर बाया. गावातल्या वरच्या जातीच्या बाया आमच्या वाड्यात पाय टाकत नव्हत्या. एकटी गोजरबाई ये. ती सरपंच नारायणराव पाटलाची चुलत वहिनी, पन तिले 'काऊन गेली' म्हनाची कोनाची छाती नव्हती. तिचं तोंड माह्यापेक्षा तिखट.

त्या साली पंचायतीनं सडकेच्या कडेले एक हॉल बांधाचं ठरवलं. मी म्हनलं, वर्गाले द्या. पाटील म्हने, बियान्याचं गोदाम करू. मानूस वाईट नव्हता, पन एकदा डोक्यात गोदाम शिरलं की निंघता निंघे ना. आन् माहा सारा जीव त्या हॉलात अडकला होता. सडकेवरची जागा, कोनाच्याच वाड्यातली नाही. तिथी गावातली कोनतीबी बाई आली असती. गोदाम झालं असतं तं माहा वर्ग जलमभर ओसरीवर राह्यला असता, अर्ध्या गावाले बंद.

बांधकाम पाहाले ओव्हरशियर किसनराव बुलढाण्याहून आले. नवीनच नोकरीले लागले होते, डोळ्यावर जाड चष्मा. त्यायनं नकाशात उत्तरेकडून दोन मोठ्या खिडक्या काढल्या, माहं मागनं आयकून, शिवनाऱ्या बायांसाठी. पाटील उखडले.

"उत्तरेले ऊन येतच नाही. मंग उजेड कायचा येईन?"

"पाटील, ऊन वेगळं आणि उजेड वेगळा."

"वा रे वा! उद्या म्हनसान, पाऊस वेगळा आन् पानी वेगळं."

सारी बैठक खो खो हसली. आमच्याकडं तसंच हाय. ऊन आलं म्हंजे उजेड आला, अन् ऊन गेलं की मानूस दिवा शोधते. किसनराव लालेलाल झाले, पन हटले नाही.

"बांधायच्या आधीच दाखवतो," ते म्हनले. "याच हॉलाचं लहान घर करू, एका फुटाला एक इंच. घर लहान आहे की मोठं, हे उजेडाला कळत नाही. खिडकीतून जेवढं आभाळ दिसेल, त्या हिशेबानं उजेड आत येईल."

"आन् नाही आला तं?" पाटील म्हनले.

"तं गोदाम करा!" हे मीच बोलली. जीभ चावली, पन उपेग काय? तोंडातून निंघालं ते निंघालं. पाटलानं तिथंच सगळ्यायले साक्षीदार केलं.

अट अशी ठरली. माह्या ओसरीवर बाया जिथी बसून सुईत दोरा ओवतात, तिथला उजेड मोजाचा. त्याच आभाळाखाली लहान हॉलाच्या मधोमध मोजाचा. ओसरीपेक्षा जास्त निंघाला तं हॉल आमचा, कमी निंघाला तं पाटलाचा.

किसनरावनं चहाच्या खोक्याच्या फळ्यायचं घर केलं, लोखंडी पेटीएवढं. आतून पांढरा कागद चिकटवला, वरून पुठ्ठ्याचं छत. बुलढाण्याच्या एका फोटोवाल्याजवळून उजेड मोजाचं यंत्र मागून आनलं. हातात मावन एवढी डबी, तिच्यात एक काटा. उजेड वाढला की काटा चढे. ती डबी घरात मधोमध ठेवाची आन् डोक्यावर काळं फडकं घेऊन मांगच्या भिंतीच्या भोकातून काटा पाहाचा. पंचायतीसमोर मोजाच्या आदल्या दिवशी आमी पाहून घेतलं. काटा ओसरीच्या किती तरी वर! किसनराव म्हने, "जिंकलो बाई." घर माह्या अंगनात ठेवून ते गेले, अन् मी ढाराढूर झोपली.

सकाळी पानी भरून आली, तं गोजरबाई अंगनात उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत शेनात.

"काय करून राह्यली वं?"

"सारवून राह्यली. नवं घर असं कोरं ठेवते का कोनी? अवदसा शिरते."

माय वं! त्या इवल्याशा हॉलाची जमीन तिनं गुळगुळीत सारवली होती, भिंतीले बोटभर पट्टा ओढला होता. दारापुढं रांगोळी. अन् खिडक्यायले जुन्या लुगड्याच्या चिंध्यायचे पडदे! माहं डोस्कंच फिरलं. मी तिले काय काय बोलली ते लेकरासमोर सांगता येत नाही. तिनंबी मले सोडलं नाही. आमचं हे चालू असतानीच किसनराव अन् सारी पंचायत येऊन उभी राह्यली.

किसनरावनं घरात डोकावून पाह्यलं अन् मटकन खाली बसले. पाटील म्हनले, "चला, मोजा. उद्यावर ढकलाचं नाही."

ओसरीवर डबी ठेवली. काटा जिथी थांबला तिथी काचेवर लाल पेन्सिलीची खूण केली. मंग डबी हॉलात गेली. पाटील सवता काळ्या फडक्यात शिरले अन् आतूनच वरडले, "खुनेच्या खाली! काटा झोपला! गोदाम!"

किसनराव ताडकन उठले. "हे मोजणं खरं नाही! माझी जमीन पांढरीशुभ्र होती. या बाईंनी काळी केली!"

गोजरबाईनं कंबरेवर हात ठेवले, शेनाचेच. "काऊन हो साहेब? खऱ्या हॉलात काय कागद आथरसान? फरशी टाकून राह्यले का तुमी? जमीन मातीचीच न? मंग ती सारवनार कोन? आमीच. अन् सडकेवरून जानारे येनारे वाकून पाह्यतीन, तं पडदा लावनार कोन? आमीच. म्या काय वेगळं केलं?"

किसनरावनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंग ते हळूच हसले.

"बरोबर आहे. मी कागदाचा हॉल मोजत होतो. देऊळघाटचा हॉल हा आहे."

"म्हंजे हरलोच न आपन?" माहा आवाज रडवेला झाला होता, अन् त्याचाच मले राग येत होता.

"हरायला हॉल बांधला कुठं आहे अजून? यासाठीच तर लहान घर करायचं, बाई. दगड लागल्यावर चूक निघाली असती तर डोकं फोडून घेतलं असतं. पाटील, नकाशा बदलू द्या. मग शेवटचं मोजू."

पाटील मजेत होते. "बदला न. सोन्याचा करा. उत्तरेले ऊन आनता येते का पाहा!"

किसनरावनं चाकू काढला. "खिडकीवर पडदा येणार असेल तर तिथं खिडकी ठेवून काय फायदा? वर नेतो. छताला लागून. तिथं कोणाची नजर पोचत नाही, पडद्याचं कामच नाही." खालच्या खिडक्या त्यायनं फळीनं बुजवल्या अन् उत्तरेच्या भिंतीत छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब फट कापली. सारं आभाळ त्यातून आत पाहू लागलं. पुठ्ठ्याचं छत मात्र मळकट होतं. माह्या परसात रांजनाजवळ चुना भिजवलेला होता. मी पदर खोचला, तो चुना आनला अन् हातानंच छताले आतून थापला. गोजरबाई म्हने, "जाड थाप वं, कंजुषी करू नको." मघाचं भांडन आमी दोघी इसरून गेलो होतो.

शेन मात्र कोनी पुसलं नाही. किसनरावच म्हनले, राहू द्या.

ओसरीवर परत काटा पाह्यला, खूण होती तिथीच होता. मंग डबी हॉलात. "पाटील, तुमीच पाहा," मी म्हनलं. "मंग म्हनसान, बायायनं फसवलं."

पाटील फडक्यात शिरले. कितीक वेळ बाहीर येतच नव्हते.

"बोला न वो!"

"चढला," आतून बारीक आवाज आला.

"खुनेच्या वर?"

"खूण मांग राह्यली. लय मांग."

माह्या तोंडातून अशी आरोळी निंघाली की झाडावरचे कावळे उडाले. गोजरबाईनं मले मिठी मारली. माहं धुतलेलं लुगडं शेनानं भरलं अन् मले त्याचं काई वाटलं नाही. ओसरीवरच्या साऱ्या बाया टाळ्या वाजवत अंगनात उतरल्या. पाटील बाहीर आले तं पटका कानावर घसरला होता.

"हे उत्तरेचंच हाय?" त्यायनं इचारलं.

"उत्तरेचंच."

"ऊन नाही?"

"एक कवडसा नाही," किसनराव म्हनले.

पाटलानं पटका नीट केला, आभाळाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "घ्या बाई हॉल. वर खिडकी हाय तं चोराची बी भानगड नाही." मानूस वाईट नव्हता, मी पयलेच सांगतलं.

पुढच्या श्रावनात हॉल उघडला. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं, ऊन कुठं दिसे ना. आत मात्र साऱ्या बायायच्या सुया पटापट ओवून होत होत्या. गोजरबाईनं जमीन सारवली होती, कोनाले हात लावू देल्ला नव्हता. आमच्या वाड्यातल्या बाया मधोमध बसल्या होत्या, माही जाऊ वच्छलाबाई त्यायच्यात. इतक्यात दारात पाटलाची सून शालूबाई येऊन उभी राह्यली. डोक्यावर पदर, हातात कोरं कापड. सासऱ्यानंच पाठवलं होतं. तिनं आत पाह्यलं, आमच्या बायायकडं पाह्यलं, मंग खाली मान घातली.

"बाई, मी कुठी बसू?"

साऱ्यायच्या सुया जागीच थांबल्या. गोजरबाईचं तोंड बी थांबलं, म्हंजे पाहा.

"कुठीबी बस वं पोरी," मी म्हनलं. "या हॉलात अंधारी जागाच नाही."

ती जराशी उभी राह्यली. मंग चपला काढल्या, आत आली अन् वच्छलाबाईच्या मांडीले मांडी लावून बसली.