रविवारची हजेरी

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या घरात कोणाला मरायचं असेल तर त्याने साडेसातपर्यंत कळ काढावी, असं माझी बायको म्हणते. तिचं फारसं चुकत नाही. सातच्या ठोक्याला मी दाढी करून, शर्ट खोचून फोनपाशी बसलेला असतो. फोन वाजतो आणि पलीकडून नऊ नंबर ओरडतो, "नऊ हजर!" मी "ऐकलं" म्हणून फोन ठेवतो आणि लगेच अकरा नंबरला लावतो. "दहा हजर!" तो "ऐकलं" म्हणतो आणि बाराला लावतो. असं करत करत वीस नंबर शेवटी एक नंबरला फोन करतो, की हजेरी संपली. ज्याला गप्पा मारायच्या असतील त्याने त्या साडेसातनंतर माराव्यात.

हे नंबर आम्हाला लष्करी अकादमीत पहिल्या दिवशी मिळाले. ट्रकमधून ज्या क्रमाने उड्या मारल्या त्या क्रमाने. पुढे कोणी जनरल झाला, कोणी एक पाय गमावून कॅप्टन म्हणूनच घरी आला, मी तोफखान्यात राहून कान आणि स्वभाव दोन्ही बिघडवून घेतले. पण रविवारी सगळे फक्त नंबर. आमच्यातले सहा जण आता नाहीत. गेलेल्याचा नंबर त्याच्या आधीच्याने घ्यायचा, असा नियम आहे. त्यामुळे सहा नंबरला "सहा, सात, आठ हजर!" असं एका दमात म्हणावं लागतं, आणि तो पठ्ठ्या एकदाही अडखळत नाही. जिवंत माणसाचा नंबर मात्र दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही. तो फोन उचलत नसेल तर हजेरी तिथेच थांबते आणि पुढचे सगळे खोळंबतात. एकदा ती अशीच पाच नंबरपाशी थांबली. चार नंबरने त्याच्या शेजाऱ्यांना दार फोडायला लावलं, तर हा गडी न्हाणीघरात पडलेला. वाचला. आता तो तक्रार करतो, की दाराचे पैसे कोणी दिलेच नाहीत.

हे नियम घातले अकरा नंबरने. आणि अकरा नंबर हा आमच्यातला एकुलता एक असा, ज्याने अधिकाऱ्याचा गणवेश एक दिवसही घातला नाही.

तीन वर्षांत त्याची नजर उतरत गेली होती. नेमबाजीत तो आमच्या आवाजावरून नेम धरायचा, असं आम्ही त्याला चिडवायचो. पासिंग आउटच्या आधी महिनाभर शेवटची मेडिकल होती. आम्ही एक शक्कल काढली. आम्ही कसली, मीच काढली. मी त्याच्या आधी आत जाणार, नजर तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून बाहेर येणार आणि त्याला सांगणार. काही गडबड दिसली तर मी खोकायचं, म्हणजे त्याने पाठांतर विसरून जेवढं दिसेल तेवढंच वाचायचं. ओळ होती म, ट, र, ल, प, न. मी त्याला ती बूट बांधायच्या निमित्ताने खाली वाकून दोनदा सांगितली. तो आत गेला. दार अर्धं उघडं होतं आणि मला दिसलं, की शिपायाने तक्ता खिळ्यावरून काढून उलटा टांगला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती.

मी खोकलो नाही. डॉक्टर दाराकडे बघत होते. मला वाटलं, खोकलो तर आपणही पकडले जाऊ. एवढीच गोष्ट. मग आतून त्याचा खणखणीत आवाज आला, "म, ट, र, ल, प, न!"

दुसऱ्या दिवशी त्याची ट्रंक बाहेर आली. फसवणूक केली म्हणून नाव काढून टाकलं होतं. आम्ही एकोणीस जण फाटकापर्यंत गेलो. तो म्हणाला, "पत्ते कळवत जा रे." आणि बसमध्ये चढला.

चार महिन्यांनी त्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. तिथे तो चौतीस वर्षं होता, शेवटी सुपरवायझर म्हणून. आमच्या बदल्या दर दोन-तीन वर्षांनी, याचा पत्ता मात्र कायम एकच. त्यामुळे झालं काय, की कोणाला कोणाचा ठावठिकाणा हवा असेल तर त्याने अकराला विचारायचं. त्याच्या टेबलावर पत्र्याचा एक डबा होता, त्यात आमची एकोणीस कार्डं. पत्ता बदलला की आधीचा एका रेघेने खोडायचा, त्याखाली नवा लिहायचा. माझ्या कार्डाला दोनदा पुरवणी जोडावी लागली. बायकोचं माहेर, मुलांचे वाढदिवस, रक्तगट, सगळं त्यात.

माझ्या थोरलीच्या जन्माच्या वेळी मी सीमेवर एका खंदकात होतो. बायको दवाखान्यात, बातमी कळायचा काही मार्ग नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या फील्ड टेलिफोनवर आवाज आला, "दहा, मुलगी झाली. दोघी ठणठणीत. वजन लिहून घे." पाच एक्स्चेंजमधल्या पाच अनोळखी ऑपरेटरांना गोड बोलून, पटवून त्याने ती बातमी माझ्यापर्यंत आणली होती. डोक्यावर हेडफोन, हातात प्लग, आणि नजर तर बोर्डावरचे दिवे पुसट दिसतील इतकी अधू. प्लग तो बोटांनी चाचपून लावायचा. चौतीस वर्षांत त्याच्या हातून एक चुकीचा कॉल लागला नाही, असं त्याच्या हाताखालच्या बायका शपथेवर सांगायच्या. मी आयुष्यात बरेच शूर लोक पाहिले, काहींच्या छातीवर पदकं लावताना टाळ्याही वाजवल्या. पण कोणाबद्दल मला मनापासून आदर वाटत असेल तर तो या माणसाबद्दल. आणि गेली कित्येक वर्षं दर रविवारी मी त्याला "दहा हजर" म्हणत आलो, पण खोकल्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

यंदा पास होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून अकादमीचं बोलावणं आलं. मैदानावर रांगेत उभं राहायचं, जुन्या पद्धतीने हजेरी द्यायची, मग जेवण. सोबत यादी होती. जिवंत तेरा. मी तिथल्या तरुण कॅप्टनला फोन लावला.

"चौदा आहोत आम्ही. अकरा नंबर राहिलाय."

"सर, रेकॉर्डमध्ये ते पास झालेले नाहीत. पाहुणे म्हणून जरूर आणा. खुर्च्यांची सोय आहे."

खुर्च्यांची सोय! मी त्याला जे काय सुनावलं ते बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि दार लावून घेतलं. पोरगा बिचारा "येस सर, येस सर" करत राहिला. त्याचा काय दोष म्हणा. पण खरा घोळ पुढेच होता. अकराच म्हणाला, "मी येत नाही."

बाराने समजावलं, वीसने समजावलं, आमच्या जनरलने तर हुकूम सोडला. अकरा ढिम्म. सगळ्यांची वयं आता सत्तरीच्या पुढे. पुन्हा असे एकत्र उभे राहू याची खात्री कोण देणार? त्याच्याशिवाय ती रांग माझ्या डोळ्यांपुढे उभीच राहीना. शेवटी मी बॅग भरली आणि त्याच्या घरी जाऊन थडकलो.

दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. खिडकीपाशी टेबल, टेबलावर फोन आणि तोच पत्र्याचा डबा. वहिनींनी चहा ठेवला. अकरा मला न्याहाळत म्हणाला, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला सगळं स्वच्छ दिसतं बघ. तू फारच म्हातारा झालायस."

मी चहाला हात लावला नाही. म्हणालो, "मला तक्ता उलटताना दिसला होता. मी खोकलो नाही. घाबरलो."

बोलून झाल्यावर मी खाली मान घालून बसलो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती मी लपवली नाही.

"ठाऊक आहे मला," अकरा म्हणाला. "तू दारातच होतास. तुझे बूट करकरायचे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू पण कुठे बोललास?"

"मी खोकलो असतो तर?"

"तर नजर कमजोर म्हणून गोदामात लागलो असतो. पोती मोजत बसलो असतो. त्यापेक्षा एक्स्चेंज बरं. बायकाही जास्त होत्या."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "भावजी, हे अर्धंच सांगतात. त्या डॉक्टरांनी यांना संधी दिली होती. अक्षरं कोणी सांगितली त्याचं नाव घे, चष्मा लावून गोदामात ठेवून घेतो, म्हणाले. विचार करायला एक रात्र दिली होती."

"तू ते कशाला काढतेस आता?" अकरा वैतागला.

माझं सगळं कमिशन, बढत्या, तो खंदक, पेन्शन, सगळं या माणसाने एका रात्रीत गप्प बसून मला देऊन टाकलं होतं. वर पुन्हा मुलगी झाल्याची बातमीही त्यानेच पोचवली होती.

"चल," मी म्हणालो. "आता तर तुला यावंच लागेल."

"येतो. पण खुर्चीत बसेन. रांगेत नाही. यादीत नाव नसताना रांगेत घुसायचं म्हणजे पुन्हा तेच, तक्ता पाठ करून आत जायचं. एकदा केलं तेवढं पुरे."

मी गार झालेला चहा पिऊन टाकला.

अकादमीचं मैदान होतं तसंच होतं. फक्त ते ओलांडायला आता जास्त वेळ लागत होता. एका कडेला छताखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत माझी बायको, तिच्या शेजारी वहिनी, त्यांच्या शेजारी अकरा. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, बूट असे चमकावलेले की आम्हा सगळ्यांना लाज वाटावी. आम्ही तेरा जण जाऊन उभे राहिलो. गेलेल्यांच्या जागा बंद करून खांद्याला खांदा लावला. माझ्या उजव्या हाताला नऊ. डाव्या हाताला बारा उभा राहायला हवा होता, पण तो एक माणूस मावेल इतकी जागा सोडून उभा राहिला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. कॅप्टनने बघितलं. फोनवरचं माझं बोलणं आठवून असेल, त्याने जागा भरायला लावली नाही. हातात यादी धरून त्याने हजेरीचा हुकूम दिला.

"एक!"

"दोन, तीन!" दोनने तीनचा घेतला. चार, पाच. सहाने आपले तीन एका दमात घेतले. कॅप्टन यादीवर बोट फिरवत गोंधळला, पण त्याने थांबवलं नाही. नऊ ओरडला.

"दहा!" मी ओरडलो. तोफखान्यात शिकलेलं सगळं त्यात घातलं.



बाराने तोंड उघडलं नाही. तो सरळ समोर बघत उभा होता. मीही. कॅप्टनने आमच्याकडे पाहिलं, मग यादीकडे, मग पुन्हा आमच्याकडे. कोणी हललं नाही. नियम सगळ्यांना ठाऊक होता. माणूस जिवंत असेल तर त्याचा नंबर दुसऱ्याने घ्यायचा नाही, हजेरी तिथेच थांबवायची. नियम त्याचाच.

ऊन चांगलंच चढलं होतं. पाच नंबरचे गुडघे दुखत असणार, एका पायाचा कॅप्टन काठीवर कलला होता. खुर्च्यांकडे बघायची मला सोय नव्हती, मान वळवता येत नव्हती. मी मनात त्याला म्हणत होतो, अरे, चौतीस वर्षांत वाजणारा कॉल तू एकदाही तसाच सोडला नाहीस. आता हा सोडणार आहेस का? आणि दुसऱ्या मनाने भीती वाटत होती, की त्याने ठरवलं तर तो सोडेलही. रात्रभर गप्प राहू शकणारा माणूस तो.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वहिनींचा, "अहो, काठी." मग बुटांचा आवाज, आधी सावकाश, आणि मैदानाच्या कडेपासून पुढे कवायतीच्या लयीत. तो येऊन माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला, खांदा खांद्याला लावला. श्वास लागला होता. दोन क्षण त्याने दम खाल्ला.

"अकरा!"

कॅप्टनने खिशातून पेन काढलं आणि यादीवर काहीतरी लिहिलं.

"आज रविवार नाही," अकरा ओठ न हलवता पुटपुटला, अगदी अकादमीत शिकलो होतो तसा.

"गप्प बस," मी म्हणालो. "बारा खोळंबलाय."

"बारा!"