नाथाजी महाराजांच्या दोन वाट्या

गोष्ट १९७५ सालच्या फाल्गुनातली. इस्लामपूरपासून दोन कोसांवर सोनमाळ नावाचं गाव. त्या दिवसांत गावात पाऊल टाकलं की शिजणाऱ्या हळदीचा वास नाकात बसायचा तो शिमगा झाला तरी निघायचा नाही. पण त्या दुपारी काहिली, हळद शिजवायच्या मोठ्या कढया, तशाच धुमसत ठेवून सगळं गाव मारुतीच्या देवळापुढं लोटलं होतं. नाथाजी महाराज आज पोराचा बाप सांगणार होते!

चंद्राबाई काहिलीवरून तशीच उठून आली होती. कोपरापर्यंत हात पिवळे. पायरीवर टेकली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रश्न तिच्याच घरातला होता.

तिचा कृष्णात पलटणीत. मागल्या शिमग्याला रजेवर येऊन गेला आणि दिवाळीत सून राहीला मुलगा झाला. चंद्राबाईनंच बोटांवर महिने मोजले. आठच भरले. ती नुसतं "आठच कसं गं?" म्हणाली, आणि कृष्णातच्या चुलतभावानं, हंबीररावानं, त्या तीन शब्दांचं चार पानी पत्र करून पलटणीत धाडलं. कृष्णातनं उलट टपाली कळवलं, पोर माझं नव्हं. राही तान्ह्या सिद्धूला घेऊन कडेगावला माहेरी गेली आणि तिथून तिनं इस्लामपूरच्या कोर्टात पोराच्या पोटगीचा अर्ज ठोकला. तारीख सोमवारची होती. तिच्यासाठी कृष्णात रजा काढून आला होता, आणि पारखेसाठी राहीही पोराला घेऊन गावात आली होती.

कृष्णातची मनिऑर्डर हंबीररावाच्या हाती यायची. पोटगी सुरू झाली की तिला कात्री लागणार. तेव्हा महाराजांना गावात आणलं ते त्यानंच.

"पोरी, पारख उलटी गेली तर अर्ज मागं घ्यायचा. कबूल?" त्यानं राहीला विचारलं.

"मी खरी हाय. मला कसलं भ्या?" राही म्हणाली. तिचाही महाराजांवर विश्वास होता, हीच तर गंमत.

महाराजांनी दोन काशाच्या वाट्या मांडल्या. दोन्हींत पाणी, काचेसारखं नितळ. बाप-लेकाच्या तळहातांना हळद फासली आणि घसा ताणला, "रगत रगताला वळखी! हळद हळदीला पारखी! बापाची हळद पिवळी, लेकाची पिवळी, तर कूळ येक! तांबडी झाली तर... हर हर हर!"

"तर काय, म्हाराज?" केरबा गुरवानं विचारलं.

"तर इचारू नगं!"

कृष्णातनं पहिल्या वाटीत हात बुडवला. पाणी पिवळं झालं. मग महाराजांनी सिद्धूची इवलीशी मूठ उघडून दुसऱ्या वाटीत बुडवली. पाणी लालभडक! तळहातही लाल! सिद्धूनं भोकाड पसरलं, बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि हंबीरराव खिशातून आधीच लिहून आणलेला कागद काढत म्हणाला, "चल गं, कर अंगठा."

राही कागदाकडं वळली. चंद्राबाईला वाटलं, आपणच महिने मोजले होते ना! काही सुचेना म्हणून तिनं सवयीनं चंची उघडली. चुना वाळू नये म्हणून ती डबीत वर बोटभर पाणी ठेवायची. चुना खाली बसलेला, वर पाणी नितळ. पानाला लावायला तिनं त्यात बोट घातलं आणि बाहेर काढलं तर बोट लालभडक.

रोज हळदीच्या दिवसांत तिची बोटं अशीच व्हायची. रोजच्या गोष्टीकडं कोण बघतं? आज तिनं बघितलं. बोटाकडं, मग वाटीकडं.

"थांब गं राही," ती उठली. "आवं म्हाराज, माजी बी पारख करा. कृष्णात माझा हाय का न्हाई, लय दिस शंका हाय बगा."

लोक हसले. महाराज "बाई, शिवू नगं!" म्हणेपर्यंत तिनं पिवळा पंजा पोराच्या वाटीत घातलासुद्धा. लाल!

"आता गं बया! म्हंजी मी बी ह्येची आई न्हवं? सुईण रंगूबाई, तू हुतीस नव्हं तवा?"

"हुते की!" मागून आवाज आला. "पायाळू हुता तुजा ल्योक. इसरते व्हय?"

आता हसू आवरेना. शाळेच्या शरयूबाई पुढं आल्या. मूळच्या वाईच्या, चवथीला शिकवायच्या. त्यांनी आधी पोराचा हात स्वच्छ धुतला, आडाचं ताजं पाणी दुसऱ्या भांड्यात घेतलं आणि त्याच्या दुसऱ्या हाताला हळद लावून त्यात बुडवला. पिवळा. मग कृष्णातला म्हणाल्या, "आता तुम्ही महाराजांच्या दुसऱ्या वाटीत."

कृष्णातचा पंजा लाल झाला.

"ही चुन्याची निवळी," शरयूबाई म्हणाल्या. "चुना भिजवून वरचं पाणी काढलं की डोळ्यांना कळत नाही. हळदीला कळतं. मुरगळल्यावर हळद-चुन्याचा लेप लाल होतो ना, तेच हे. हळदीला चुना ओळखता येतो, बाप नाही."

"म्हाराज, आता तुमचा हात," राही इतकंच म्हणाली.

महाराजांनी हात झोळीत घातला आणि झोळी खांद्याला लावून वडाच्या बाजूनं वाट धरली. वाट्यासुद्धा नेल्या नाहीत.

सोमवारी कोर्टात कृष्णातनं स्वतःच रजेचा पास पुढं ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं, आठव्या महिन्यातही मुलं होतात, आणि हे जन्मताना वजनाला तसंच हलकं होतं. पोटगी मंजूर झाली. कृष्णात म्हणाला, "चल घरी." राही म्हणाली, "आदी चार म्हैने पोटगी येऊ दे येळेवर, मग बगू." सहाव्या महिन्यात ती नांदायला आली.

नाथाजी पुढं मिरज स्टेशनबाहेर दातांचं मंजन विकताना दिसला. तेही तांबडंच होतं म्हणतात. हंबीररावाच्या हाती मनिऑर्डर पुन्हा आली नाही. हिशेब विचारला की तो खोकायचा. शरयूबाई निवृत्त होऊन वाईला गेल्या. त्या वाट्या शाळेच्या कपाटात राहिल्या आणि दर वर्षी चवथीच्या पोरांनी त्यांत हात बुडवले, सिद्धूनंसुद्धा. तो पुढं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला.

चंद्राबाई ऐंशी वर्षं जगली. पुन्हा कुणाचे महिने तिनं मोजले नाहीत. गावात नवा बाबा आला की लोक तिला विचारायला यायचे, आणि ती पान जुळवत म्हणायची, "जा की बगायला. पर त्येच्या वाटीत आदी त्येचा हात बुडवायला सांगा."

एवढं विचारलं तरी पुरे आहे. विचारायला शिक्षण लागत नाही. चंद्राबाईला सहीसुद्धा येत नव्हती.