ह्यांच्या हातचं तेल

आमचे हे गेले, त्याच्या आदल्या रविवारी त्यांनी व्हॅनचं तेल बदललं होतं. चार लिटर तेल, नवा फिल्टर आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी, पुढचं तेल किती किलोमीटरला बदलायचं त्याची. चौदा वर्षांत त्यांनी तो आकडा एकदाही उलटू दिला नाही. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायचे. मी भांडले की म्हणायचे, तू बोलून तरी दाखवतेस, इंजिन बिचारं कुणाला सांगणार?

चिठ्ठीवरचा आकडा आला तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते. माझं पोट व्हॅनवरच. लाँड्रीतल्या धुतलेल्या चादरी दवाखान्यांत पोचवायच्या, मळक्या उचलून आणायच्या. ह्यांचं गॅरेज आता धाकटे भावजी बघतात. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, वहिनी, व्हॅन लावून जा, तेल बदलून देतो. मी आज नाही उद्या करत राहिले. खरं सांगू? खालचा नट उघडायचा आणि ह्यांनी स्वतःच्या हातांनी ओतलेलं तेल घमेल्यात सोडून द्यायचं, हे माझ्याच्यानं होईना. ह्यांचे कपडे देऊन टाकले, चपला दिल्या, तिथे नाही अडले. अडले ती तेलापाशी.

मग मी माझी अक्कल चालवली. तेल कमी झालं की वरून घालायचं, बदलायचं नाही. म्हणजे ह्यांचंही राहील आणि इंजिनही कोरडं पडणार नाही. भावजींना ठोकून दिलं की दुसरीकडे बदलून घेतलं. त्यांना ते लागलं, चेहऱ्यावर दिसलं मला. तरी मी खरं काही बोलले नाही.

पहिल्या वर्षी तेल मोजायच्या काडीवरची पातळी फारशी हललीच नाही. मी मनातल्या मनात ह्यांना म्हणायची, बघा, उगीच बदलत बसायचात. पुढे महिन्याला अर्धा लिटर लागायला लागलं, मग आठवड्याला. मागून निळा धूर. दवाखान्याचा वॉचमन नाक दाबून म्हणाला, बाई, चादरी द्यायला येता की डास मारायला? त्याला मी चांगलाच झापला. गेल्या सोमवारी चढावर आतून खडखडाट सुरू झाला आणि व्हॅन ओढून गॅरेजात न्यावी लागली.

भावजींनी इंजिन खोललं. झाकणाखाली काळा चिखल, बोटानं खरवडावा असा. त्यांनी समजावून सांगितलं की जुन्या तेलाची घाण पिस्टनच्या रिंगांत बसली, रिंगा अडकल्या, मग तेल वर चढून जळायला लागलं. खाली जे उरलं त्यात नुसता कचरा, तोच धातूला घासत राहिला. कुठल्या नालायकाकडे बदलत होतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठे मी सगळं खरं सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुसले, बॅटरी घेतली आणि सिलिंडरच्या आत उजेड पाडला.

"इथे बारीक तिरप्या रेघा असतात, वहिनी. तेल धरून ठेवायला. तीन वर्षांपूर्वी दादानं इंजिनचं वरचं झाकण, हेड, खोललं तेव्हा त्या नव्यासारख्या होत्या. सगळ्यांना बोलावून दाखवल्या होत्या त्यानं."

मी वाकून बघितलं. भिंत काचेसारखी गुळगुळीत, आणि मधोमध उभा ओरखडा. बोट घातलं तर त्यात नख अडकलं.

"आणि ह्यांचं तेल?" मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते धुरातून कधीच गेलं, वहिनी."

आता आतली भिंत तासून मोठे पिस्टन बसवणार आहेत. व्हॅन पळेल, माझं काम थांबणार नाही, असा भावजींनी शब्द दिलाय. पण ह्यांनी चौदा वर्षं जपलेलं जे काही होतं ते त्या इंजिनातच होतं, आणि ते मी माझ्या हातानं घालवलं. काल इंजिन तासायच्या मशीनवर चढवायच्या आधी भावजींनी फोन केला, एकदा येऊन बघून जाता का म्हणून. मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि रडले, हे गेले तेव्हाही रडले नव्हते एवढी.