महाराजांचा रबरी हात

"उठला! हात उठला!" सभागृहात एकच गलका झाला. टेबलावर कोमट गोड पाण्याची बाटली होती आणि तिच्या तोंडाला रबरी हातमोजा. महाराजांनी तिच्यात मूठभर 'सिद्ध चूर्ण' टाकून काहीतरी पुटपुटलं होतं. अर्ध्या तासात मोजा फुगून आशीर्वादाला उभा!

"बाटलीतली साखर खाल्ली, तशी हिच्या अंगातलीही खाल्ली!" महाराज गरजले. "सुई बंद!"

बाटली समोर खुर्चीत बसलेल्या आईच्या नावाची होती. मधुमेह असलेल्या आईने महाराजांच्या सांगण्यावरून कालपासूनच इन्सुलिन सोडलं होतं आणि आता ती घटाघटा पाणी पीत होती. शेजारी तिची लेक उभी होती.

पलीकडे एका शंकेखोर शिंप्याच्या बाटलीवरचा मोजा मान टाकून पडला होता. "श्रद्धा कच्ची!" महाराजांनी निकाल देऊन टाकला.

लेकीच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. चूर्ण एकच, पण साखरेचे डबे दोन. ती तडक पुढे गेली आणि दोन्हींत बोट बुडवून चाखलं.

"अगं, हात लावू नकोस!" महाराज ओरडले.

एक साखर चांगली गोड, दुसरी जेमतेम. चूर्णाला तर बेकरीचा वास. तिला हसू आलं, त्याहून जास्त राग आला.

"महाराज, दुसऱ्या डब्यातली साखर घालून एक बाटली तुमच्या नावाने लावू. पहिल्यातली घालून एक या खुर्चीच्या नावाने."

"माझी परीक्षा घेतेस?"

"घेऊ द्या की," शिंपी म्हणाला. "तुमची श्रद्धा तर पक्की आहे ना?"

लोक हसले, महाराजांचा नाइलाज झाला. लेक येरझारा घालत राहिली. आईने पुन्हा पाणी मागितलं.

शेवटी खुर्चीचा हात उठला. महाराजांचा काही केल्या उठेना.

"हे चूर्ण म्हणजे यीस्ट, पाव फुगवणारं," लेक म्हणाली. "ते जिवंत असतं. साधी साखर बाहेरच फोडून आत घेतं, खातं आणि वायू सोडतं. तोच मोज्यात भरतो. दुसरी आहे दुधातली साखर. तिला यीस्टच्या पेशीत शिरायला दारच नसतं. प्रयोगशाळेत तसं दार बसवायचं कामच मी करते. महाराज जसा डबा निवडतील, तसा तुमचा निकाल!"

"मग माझी साखर?" आईने घाबरून विचारलं.

"रक्तातच आहे आई, आणि वाढतेय. म्हणून तर एवढी तहान लागतेय. तुझ्याही पेशींना साखर घ्यायला दारं लागतात. ती उघडायला इन्सुलिन लागतं. फुगलेल्या मोज्याने ती उघडत नाहीत." मग ती गर्दीकडे वळली. "चमत्कार दिसला की आधी विचारा, हे झालं कसं? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

आई खुर्चीचा आधार घेत उठली. "भाषण नंतर कर गं. मला आधी दवाखान्यात ने."